आपला डॉक्टर यादीत नसेल तर?



आज आपण बोलणार आहोत ऑपरेशनच्या पैशाबद्दल. दुखणं घरात येतं तेव्हा आपण आधी डॉक्टर शोधतो. कुणी सांगतं, "तालुक्याला अमुक सर्जन आहेत, त्यांचा हात चांगला आहे." आपला विश्वास बसतो, तारीख ठरते. आणि मग भरतीच्या दिवशी काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "ताई, हे कार्ड आमच्याकडे चालत नाही." तिथून पुढची पळापळ आपल्याला माहीत आहे. गळ्यातलं गहाण पडतं, नाहीतर गटातून तातडीचं कर्ज निघतं. आणि ऑपरेशन घरातल्या बाईचं असेल तर बऱ्याचदा ते "सुगी झाल्यावर बघू" म्हणून पुढेच ढकललं जातं.

ही वेळ टाळता येते. पण त्यासाठी आपल्याकडे विमा नेमका कोणता आहे आणि डॉक्टर यादीत नसेल तर तो कसा वागतो, हे तारीख ठरवण्याआधी कळायला हवं.

पहिला प्रश्न : तुमचं कार्ड कोणतं?

आपल्या गावात दोन प्रकारची कार्डं दिसतात. एक सरकारी योजनेचं आणि दुसरं हप्ता भरून घेतलेल्या पॉलिसीचं. दोघांना आपण 'विमाच' म्हणतो, पण दोघांचे नियम अगदी वेगळे आहेत.

सरकारी योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना. फुले योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर आली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. आयुष्मान भारत २०१८ मध्ये सुरू झाली. आता दोन्ही योजना राज्यात एकत्र चालतात, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचं संरक्षण आहे.

या योजनेत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उपचार फक्त 'अंगीकृत' रुग्णालयातच मोफत मिळतो. अंगीकृत म्हणजे ज्या रुग्णालयाने योजनेशी करार केला आहे ते. तुम्ही बाहेरच्या रुग्णालयात गेलात, बिल भरलंत आणि नंतर बिल घेऊन आलात, तर योजना ते पैसे परत देत नाही. "आधी भरू, मग योजनेतून काढू" असं कुणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. तो रस्ता इथे नाही.

हप्त्याच्या पॉलिसीत मात्र तो रस्ता असतो. तिथे विमा कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयात, म्हणजे नेटवर्क हॉस्पिटलमध्ये गेलात तर कॅशलेस होतं. बिल कंपनी थेट रुग्णालयाला देते. यादीबाहेर गेलात तर बिल आधी तुम्ही भरायचं आणि मग कागद देऊन कंपनीकडून परत मागायचं.

म्हणून घरी गेल्यावर पहिलं काम हे करा. कार्ड काढा, शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला वाचायला सांगा, आणि ते सरकारी आहे की कंपनीचं हे वहीत लिहा.

सरकारी कार्ड आहे आणि डॉक्टर यादीत नाही

समजा, पित्ताशयात खडे आहेत. तुम्हाला ज्या सर्जनकडून ऑपरेशन करून घ्यायचं आहे त्यांचं रुग्णालय अंगीकृत नाही. लगेच आशा सोडू नका आणि लगेच पैसे गोळा करायलाही लागू नका. आधी तीन प्रश्न विचारा.

एक, त्या डॉक्टरांनाच विचारा : "डॉक्टर, तुम्ही योजनेतल्या दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात ऑपरेशन करता का?" तालुक्या-जिल्ह्याचे बरेच सर्जन दोन-तीन रुग्णालयांत जातात. मंगळवारी इथे, शुक्रवारी तिथे. तेच डॉक्टर, तोच हात, फक्त रुग्णालय योजनेतलं. हा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका. डॉक्टरांसाठी तो रोजचा प्रश्न आहे.

दोन, रुग्णालय अंगीकृत असलं तरी ते कोणत्या उपचारांसाठी आहे ते विचारा. एखादं रुग्णालय हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतं, पण पोटाच्या ऑपरेशनसाठी नसतं. बाहेर योजनेचा बोर्ड बघून खात्री धरू नका. "या आजारासाठी, या ऑपरेशनसाठी योजना इथे लागू आहे का?" असं स्पष्ट विचारा. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत. तुमचं ऑपरेशन त्यात असेल, तर खासगी रुग्णालय अंगीकृत असूनही ते योजनेतून करता येणार नाही.

तीन, आरोग्यमित्राला भेटा. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र असतो. कार्ड बघणं, नोंदणी करणं, मंजुरीसाठी कागद पाठवणं हे त्याचं काम आहे. घरबसल्या विचारायचं असेल तर फुले योजनेचा टोल फ्री नंबर आहे १५५३८८, आणि दुसरा १८०० २३३ २२००. आयुष्मान भारतचा नंबर १४५५५. हे तीन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

योजनेत ऑपरेशन ठरलं तर तपासण्या, औषधं, ऑपरेशन आणि रुग्णाचं जेवण हे सगळं ठरलेल्या पॅकेजमध्ये येतं. रुग्णालयाने त्याच उपचारासाठी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा, आणि आरोग्यमित्राकडे किंवा टोल फ्री नंबरवर तक्रार करा. "वरचे थोडे द्यावेच लागतात" हे खरं नाही.

आणि तातडीची वेळ आली तर? अपघात, झटका, अतोनात रक्तस्राव अशा वेळी यादी शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करा, जवळ जे रुग्णालय असेल तिथे माणूस पोचवा. जीव आधी. मात्र रुग्ण स्थिर झाला की विचारा, "आता यांना योजनेतल्या रुग्णालयात हलवता येईल का?" डॉक्टर हो म्हणाले तर हलवा. अंगीकृत रुग्णालयात तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. कार्ड घरी राहिलं म्हणून भरती अडत नाही, कागद नंतर देता येतात.

कंपनीची पॉलिसी आहे आणि डॉक्टर यादीत नाही

आता हप्त्याच्या पॉलिसीकडे येऊ. इथे यादीबाहेरच्या रुग्णालयात जायला बंदी नाही. पण भरतीआधी चार गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, ते रुग्णालय विम्याच्या व्याख्येत बसतं का? ते सरकारदरबारी नोंदलेलं असावं लागतं. नसेल तर १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर आणि रुग्णांची रोजची नोंद, एवढं तरी हवं. चार खाटांच्या, नोंदणी नसलेल्या दवाखान्यात ऑपरेशन केलं तर क्लेम तिथेच अडकतो. रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक विचारून लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, ते रुग्णालय कंपनीने 'वगळलेलं' तर नाही ना? यादीत नसणं वेगळं आणि वगळलेलं असणं वेगळं. काही रुग्णालयांची बिलं मान्य करायची नाहीत असं कंपनी ठरवते आणि ती नावं जाहीर करते. तिथे नेहमीचं ऑपरेशन केलं तर पैसे परत मिळत नाहीत. फक्त अपघातात किंवा जिवावर बेतलं असेल तेव्हा, रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च धरतात. तेव्हा कंपनीला फोन करून दोन्ही विचारा : "हे नेटवर्कमध्ये आहे का? नसेल तर वगळलेल्या यादीत आहे का?"

तिसरी गोष्ट, त्या आजाराची थांबण्याची मुदत संपली आहे का? आज पॉलिसी घेतली आणि उद्या ऑपरेशन, असं चालत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, गर्भाशय काढणं अशा ऑपरेशनांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजारासाठी ही मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते.

चौथी गोष्ट, यादीबाहेर असूनही कॅशलेस होईल का? जानेवारी २०२४ मध्ये विमा कंपन्यांच्या परिषदेने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' नावाची सोय सुरू केली. ठरलेलं ऑपरेशन असेल तर भरतीच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं. तातडीची भरती असेल तर भरतीनंतर ४८ तासांत कळवायचं. मग कंपनी आणि रुग्णालय तयार असतील तर यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस होऊ शकतं. हे प्रत्येक ठिकाणी होईलच असं नाही, कारण रुग्णालयाने हो म्हणावं लागतं. पण विचारल्याशिवाय कुणी आपणहून देणार नाही.

बाहेरून आलेल्या सर्जनची फी

आता जिथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात तो मुद्दा. छोट्या रुग्णालयात सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर बऱ्याचदा बाहेरून येतात. रुग्णालय आपलं बिल देतं, आणि सर्जनची फी वेगळी, रोखीने, एका लेटरहेडवर लिहून दिली जाते. कधी तर तेवढंही लिहून मिळत नाही.

काही पॉलिसींत स्पष्ट लिहिलेलं असतं की डॉक्टरांची फी रुग्णालयाच्या बिलात असली पाहिजे. वेगळी दिली असेल तर पैसे चेकने किंवा बँकेतून गेले पाहिजेत आणि नंबर छापलेलं बिल पाहिजे. साध्या लेटरहेडवरची चिठ्ठी ते धरत नाहीत. उलट 'आरोग्य संजीवनी' ही सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी एकसारखी पॉलिसी आहे, तिच्यात सर्जनची फी रुग्णालयाला दिली किंवा थेट डॉक्टरांना दिली तरी धरली जाते. पण तिथेही खरी पावती लागतेच.

हिशेब करून बघू. समजा, रुग्णालयाचं बिल ६० हजार आणि बाहेरून आलेल्या सर्जनची फी २५ हजार. एकूण ८५ हजार. रुग्णालयाच्या बिलातले ५ हजार हातमोजे, नोंदणी फी, सोबतच्या माणसाचं जेवण अशा न मिळणाऱ्या गोष्टींचे. पॉलिसीत ५ टक्के वाटा आपला आहे.

सर्जनची फी लेटरहेडवर राहिली आणि कंपनीने नाकारली, तर ५५ हजारांतून ५ टक्के वजा जाऊन ५२ हजार २५० रुपये मिळतील. तीच फी रुग्णालयाच्या बिलात आली असती तर ८० हजारांतून ५ टक्के वजा जाऊन ७६ हजार रुपये मिळाले असते. फरक २३ हजार ७५० रुपयांचा. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच, फक्त कागद वेगळा.

म्हणून भरतीआधीच रुग्णालयाला सांगा : "सर्जनची आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी तुमच्याच बिलात दाखवा." ते नाही म्हणाले तर डॉक्टरांकडून नंबर असलेली पावती घ्या आणि पैसे बँकेतून द्या. घरी गेल्यावर मागितलेली पावती फार क्वचित मिळते.

खोलीचंही तसंच आहे. आरोग्य संजीवनीत खोलीचं भाडं दिवसाला विम्याच्या रकमेच्या २ टक्के, आणि जास्तीत जास्त ५ हजार रुपये धरतात. म्हणजे विमा १ लाखाचा असेल तर दिवसाला २ हजारांची खोली. त्यापेक्षा महाग खोली घेतली तर नुसता वरचा फरकच नाही, डॉक्टरांच्या फीसारख्या बाकीच्या खर्चातही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून मोठी खोली घेऊ नका.

पैसे परत मागताना

यादीबाहेर जायचं ठरलं तर कंपनीला वेळेत कळवा. ठरलेल्या ऑपरेशनच्या ४८ तास आधी, आणि तातडीची भरती असेल तर २४ तासांत, असा बहुतेक पॉलिसींचा नियम आहे. फोन केलात की तक्रार नंबर किंवा सूचना नंबर मागून घ्या. नुसतं "कळवलं होतं" म्हणून भागत नाही.

डिस्चार्ज घेताना घाई करू नका. पिशवीत हे कागद आले का ते बघा : डिस्चार्ज कार्ड, खर्चाचा तपशील असलेलं बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि त्यांची बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद. डोळ्यात भिंग किंवा हाडात सळई बसवली असेल तर तिचा स्टिकर. अपघात असेल तर पोलिसांचा कागद. क्लेम फॉर्मचा एक भाग रुग्णालयाने भरायचा असतो, तो सही-शिक्क्यासह तिथेच घ्या. पासबुक किंवा रद्द केलेला चेक पॉलिसीधारकाच्या नावाचा लागतो. पॉलिसी तुमच्या नावावर असेल तर खातंही तुमचं चालू हवं.

आरोग्य संजीवनीत डिस्चार्जनंतर ३० दिवसांत हे कागद द्यायचे असतात. भरतीच्या आधीच्या ३० दिवसांचा आणि नंतरच्या ६० दिवसांचा त्या आजाराचा खर्चही मागता येतो, म्हणून आधीच्या सोनोग्राफीची पावतीही टाकू नका. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढा, मूळ कागद दिल्याची पोच घ्या.

आणि गटाच्या कर्जाचा हिशेब आधीच करा. ८५ हजार गटातून महिना २ टक्क्यांनी उचलले तर महिन्याला १ हजार ७०० रुपये व्याज होतं. ते विमा कंपनी देत नाही. थोडं लांबच्या नेटवर्क हॉस्पिटलला जाण्याचा एसटीचा खर्च यापेक्षा कमी पडतो का, हे घरात बसून बोला. लांबचं रुग्णालय म्हणजे वाईट डॉक्टर असं नसतं. त्या निमित्ताने दुसऱ्या डॉक्टरांचं मतही मिळतं. गर्भाशय काढण्यासारख्या ऑपरेशनात तर दुसरं मत घ्यावंच, आणि ते सरकारी रुग्णालयात मिळतं.

क्लेम नाकारला तर

'नाही' असं पत्र आलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. आधी कारण लेखी मागा. कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावर खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामक प्राधिकरणाने २०११ सालीच कंपन्यांना सांगितलं आहे. उशिराचं कारण खरं असेल तर ते लिहून द्या. "नवरा अतिदक्षता विभागात होता, मी एकटी होते" हे कारणच आहे.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. ऐकलं नाही तर 'बीमा भरोसा'च्या १५५२५५ या नंबरवर तक्रार नोंदवा. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईला आणि पुण्याला आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. फक्त कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं.

या महिन्याच्या बैठकीत

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. प्रत्येकीने आपलं कार्ड आणावं. वहीत प्रत्येकीच्या नावासमोर लिहा : कार्ड सरकारी की कंपनीचं, कार्डावर घरातल्या कुणाकुणाची नावं आहेत, जवळचं अंगीकृत किंवा नेटवर्क रुग्णालय कोणतं, आणि पॉलिसी कोणत्या तारखेला संपते. कुणाच्या कार्डावर सुनेचं किंवा सासूचं नाव राहिलं असेल तर ते आताच कळेल, भरतीच्या रात्री नाही.

एखादीचं ऑपरेशन ठरलं तर तिच्यासोबत गटातल्या एकीने रुग्णालयात जावं. दुखणाऱ्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने ते विचारावेत. आणि घरातल्या बाईचं दुखणं पैशासाठी पुढच्या सुगीवर ढकललं जात असेल, तर त्या घरी जाऊन हे सगळं सांगायचं कामही आपलंच आहे.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तब्येतीला जपा. नमस्कार.